नऊ वर्षांचा कागद

कृष्णाकाठच्या माणसाला दोन गोष्टींचा अभिमान फार. एक मळीच्या रानातल्या वांग्यांचा आणि दुसरा गळ्याचा. वांगी सगळ्यांच्याच रानात येतात, गळा मात्र एखाद्याच घरात येतो. आमच्या घरात तो आला, आणि आम्हाला त्याची मशागत जमली नाही. त्याची ही हकिकत. लिहू का नको असं करत चार-पाच वर्षं घालवली. शेवटी धाकट्यालाच विचारलं. तो म्हणाला, "लिही की. पण खरं लिही."

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, कुरुंदवाडपासनं सायकलीवर अर्ध्या तासाच्या वाटेवर. मी १९७५ साली दहावी झालो. त्या वर्षी जुनी अकरावी आणि नवी दहावी अशा दोन्ही परीक्षा एकाच वर्षात झाल्या होत्या. पास झाल्याचे पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी आबांनी माझ्या हातात कासरा दिला. पुढं शिकायचं होतं, पण बोलायची सोय नव्हती. धाकटा माझ्याहून पाच वर्षांनी लहान. त्याला आबा म्हसरांमागं पाठवायचे.

त्याच्या कानाची ओळख आम्हाला पटली ती इंजनामुळं. विहिरीवर डिझेल इंजन होतं. ते सुरू झालं की हा धावेवर बसून त्याच्या आवाजात आवाज मिळवून गुणगुणायचा. गुणगुणता गुणगुणता मधेच थांबून म्हणायचा, "दादा, डिझेल संपत आलंय." मी झाकण काढून काडी घालून बघायचो, तर खरंच तळाला गेलेलं असायचं. इंजन दमलं की आवाज जरासा उतरतो, ते ह्याला कळायचं. आम्हाला कुणाला कळायचं नाही. आबा म्हणायचे, "बरं हाय, इंजनाला राखण झाली." गळ्याचा एवढाच उपयोग आमच्या घराला तेव्हा दिसला होता.

१९७६ च्या चैत्रात गावात सप्ताह बसला. कीर्तनकारांबरोबर मिरजेचे एक बुवा पेटीच्या साथीला आले होते. उंच, काळी टोपी, पान खाऊन ओठ रंगलेले. तिसऱ्या दिवशी भजनात धाकट्यानं एक अभंग म्हटला. बारा वर्षांचं पोर, अंगात ढगळ सदरा. बुवांची बोटं पेटीवर चालत होती ती हळूहळू थांबली आणि ते नुसते ऐकत राहिले. भजन झाल्यावर त्यांनी त्याला जवळ बसवलं. पेटीवर एक सूर धरून म्हणाले, "हा घे." यानं घेतला. मग दुसरा, तिसरा. मग आरती सुरू झाली. घंटा, टाळ, शंख, सगळा कल्लोळ. आरती संपल्यावर बुवा पेटीला हात न लावता म्हणाले, "आता मघाचा पहिला सूर लाव बघू." यानं डोळे मिटून लावला. बुवांनी पट्टीवर बोट ठेवलं. तोच सूर होता.

रात्री बुवा आमच्या सोप्यात येऊन बसले. म्हणाले, "आबासाहेब, हा मुलगा माझ्याकडं द्या. माझ्या घरी राहील, दिवसा शाळेत जाईल, सकाळ-संध्याकाळ गाणं शिकेल. फी नको, भाकरीचं मी बघतो."

आबा म्हणाले, "पर शिकून करंल काय वो त्यो? पाटी घिऊन गावोगाव हिंडंल?"

बुवा रागावले नाहीत. म्हणाले, "आपल्या कुरुंदवाडचंच एक पोर मिरजेला आलं होतं. त्याचं काय झालं ते ठाऊक आहे ना?" आबांना ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. कुरुंदवाड म्हणजे आम्हाला बाजार आणि पेढे. आईनं आतनं सांगितलं, "जाऊ द्या पोराला." आई आमच्या घरात फार बोलायची नाही, म्हणून तिचं एक वाक्य चाललं.

जूनमध्ये मीच त्याला सायकलीवर बसवून मिरजेला घेऊन गेलो. पुढं तो, मागं कॅरेजला पायलीभर जोंधळा. बुवांचं घर वाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीच्या मागं होतं. दारादारात भोपळे टांगलेले. आम्हाला भोपळा माहीत होता तो भाजीचा, नाहीतर नदीत पोहायला कमरेला बांधायचा. इथं त्याचे तंबोरे होत होते. एका दुकानातल्या म्हाताऱ्यानं सांगितलं, की हे भोपळे पंढरपूरकडच्या रानातनं येतात, आणि त्यांच्या घराण्यातली माणसं मुळात तलवारींना धार लावणारी शिकलगार. लढाया सरल्या, धारेचं काम सरलं, तेव्हा त्यांच्या वाडवडिलांनी तंबोरा घडवायला घेतला. धाकटा ते ऐकत नव्हता. तो दारात उभा राहून एक तार लावणाऱ्या माणसाकडं बघत होता, अगदी इंजनाकडं बघायचा तसा.

बुवांकडं तो धरून चार पोरं राहायला होती. आणखी पुष्कळ आईबाप पोरं घेऊन यायचे. बुवा पोराचं ऐकायचे, कुणाला वर्गाला यायला सांगायचे, कुणाला माघारी पाठवायचे. घरात ठेवून घ्यायचे ते चारच. म्हणायचे, "माझ्या चुलीची ताकद चार पोरांची आहे." पहाटे चारला उठायचं, पाणी भरायचं, अंगण झाडायचं, मग उजाडेपर्यंत खर्ज. मग शाळा. संध्याकाळी तालीम, रात्री वहीत लिहून काढायचं. महिन्यातनं एकदा मी जोंधळा, डाळ, परड्यातली भाजी घेऊन जायचो आणि पडवीत बसून ऐकायचो.

त्या पडवीतच मला कुरुंदवाडच्या त्या पोराची गोष्ट कळली. विष्णू दिगंबर पलुस्कर, जन्म १८७२. वडील कीर्तनकार. दत्तजयंतीला शोभेची दारू उडवताना ती तोंडावर उडाली आणि पोराची नजर गेल्यात जमा झाली. इलाजासाठी मिरजेला आणलं. डोळे काही परत आले नाहीत, पण तिथं त्याला गाण्याला लावलं. मिरजेच्या संस्थानिकांनी आश्रय दिला आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं तालीम सुरू झाली. १८९६ साली हा गडी मिरज सोडून निघाला आणि गात गात पार लाहोरला पोचला. तिथं ५ मे १९०१ ला त्यानं गांधर्व महाविद्यालय काढलं. तोवर गाणं शिकायचं म्हणजे उस्तादाची मर्जी, नाहीतर राजाचं अन्न. ह्यानं शाळा काढली ती लोकांच्या पैशावर. तिकीट लावून जलसे करायचे, वर्गण्या मागायच्या आणि शाळा चालवायची. फी भरून कुणीही यावं, बायकामुलींनीही यावं, आणि ज्याच्या गळ्यात आहे पण घरात नाही अशा पोराला शाळेतच ठेवून घ्यायचं, खायला घालायचं आणि उद्याचा शिक्षक करायचा. त्यांना उपदेशक म्हणत.

बुवा सांगायचे, "आमच्या मिरजेचे विनायकराव पटवर्धन. १९०७ साली लाहोरला गेले तेव्हा नऊ वर्षांचे होते." मी मनात म्हटलं, नऊ वर्षांचं पोर, मिरजेहून लाहोर! आमच्या आईनं मिरजेला पाठवताना तीन दिवस डोळे पुसले होते.

उरुसात आम्ही दोघं मिरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो. अब्दुल करीम खाँसाहेबांची आठवण म्हणून तिथं दरवर्षी चिंचेच्या झाडाखाली गाणं चालतं, कुणीही यावं आणि बसावं. पहाटेपर्यंत बसलो. मला दोन तासांनी डुलकी लागली. जाग आली तर धाकट्याच्या मांडीवर माझं डोकं होतं आणि तो हातानं ताल धरून बसला होता. तेरा वर्षांचा होता. मला वाटलं, आता हा मोठा आणि मी लहान.

दोन वर्षांत त्यानं प्रारंभिक आणि प्रवेशिकेच्या परीक्षा दिल्या. बुवा म्हणाले, आता मध्यमा. आणि १९७८ च्या दिवाळीच्या तोंडावर आबा बांधावर कोसळले. उजवं अंग गेलं.

शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको, पण शहरातल्या वाचकासाठी सांगतो. दिवाळी म्हणजे आमच्याकडं गुऱ्हाळाचा हंगाम. ऊस तोडून ठेवलेला, भागीतलं गुऱ्हाळ, पाळी ठरलेली, इंजनाच्या कर्जाचा हप्ता डोक्यावर. पाळी चुकली की ऊस वाळतो, उतारा जातो. गुळव्या मिळाला, फडकरी मिळाले, पण चुलवाणात चिपाडं सारायला जळव्या मिळेना. मी सायकल काढली आणि मिरजेला गेलो.

बुवा पेटीचा भाता दुरुस्त करत बसले होते. सगळं ऐकून घेतलं. आबांची चौकशी केली. मग विचारलं, "किती दिवस?"

मी म्हटलं, "हंगामभर. शिमग्याला आणून सोडतो."

बुवांनी धाकट्याकडं बघितलं. तो वळकटी बांधायला आत गेला होता. बुवा हळू म्हणाले, "चौदावं लागलंय. आवाज फुटायचा काळ आहे. आत्ता माणूस जवळ लागतो." मी खाली मान घालून उभा. मग ते म्हणाले, "न्या. मी तुमच्याकडून काही लिहून घेतलेलं नाही."

हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, बुवा परवानगी देताहेत. बरंच वाटलं.

धाकटा चुलवाणापाशी बसला. चिपाडं सारायची, जाळ धरायचा, काहिलीतला रस उतू जाऊ द्यायचा नाही. पहिल्या आदनाला पहाटे तीनला जाळ लागायचा, म्हणजे मिरजेत उठायचा त्याच्याही आधी. धूर, राख, रसाची चिकट वाफ. पहिले पंधरा दिवस तो जाळापुढं बसून खर्ज लावायचा. फडकरी हसायचे. "रेडा हंबारतोय गा." मग तो बंद झाला. पौषात त्याचा आवाज फुटला. एक शब्द बाप्याचा, एक पोराचा. अशा वेळी गळ्याला सांभाळून घ्यायचं असतं म्हणे. आम्ही त्याला एकादशीच्या रात्रभर भजनात बसवलं, कारण गावात तोच गाणारा. तो ओढून ओढून गायला. गाव खूष झालं.

फाल्गुनात बुवांचं कार्ड आलं. हंगाम संपला असेल, मुलास पाठवावे. ते मी घरात वाचून दाखवलं. आबा अंथरुणावरच होते, त्यांना धड बोलता येत नव्हतं, डाव्या हातानं खूण केली, जाऊ दे. मी म्हटलं, पेरण्या होऊ द्यात.

जूनमध्ये दुसरं कार्ड आलं. पोस्टमननं ते बांधावर माझ्या हातात दिलं. त्यातला मजकूर मला अजून पाठ आहे. मुलाच्या जेवणाची, शाळेची व परीक्षेच्या फीची व्यवस्था झाली आहे, आपण फक्त त्यास गाडीत बसवून द्यावे, शाळेत नाव घालण्यास उशीर करू नये.

ते कार्ड मी दाखवलं नाही.

मजूर मिळत नव्हते हे खरं. आबा पडलेले, मी एकटा, चार एकर रान, दोन म्हसरं, हेही खरं. पण धाकट्यानं खरं लिही म्हणून सांगितलंय, म्हणून पुढचंही लिहितो. कार्ड वाचताना माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते वेगळंच. मी दहावी पास होऊन बैलांमागं, आणि ह्याच्यासाठी कुणीतरी फी भरून, जेवण देऊन वर विनवणी करतंय. माझ्यासाठी असं कार्ड कुणी लिहिलं नव्हतं. मी ते घरी नेलं आणि ट्रंकेत सातबाऱ्याच्या कागदांखाली सारलं. संध्याकाळी धाकट्यानं विचारलं, "बुवांचं काय कळलं न्हाई न्हवं?" मी म्हटलं, "न्हाई."

तिसरं कार्ड आलं नाही. धाकटा आमच्याच हायस्कुलात दहावीपर्यंत गेला आणि शेतीला लागला. माझ्यापेक्षा बरी शेती करतो. १९८६ साली त्याचं लग्न झालं. बुवा गेले तेव्हा तो मिरजेला जाऊन आला, आल्यावर जेवला नाही, आणि काही बोललाही नाही. गावच्या भजनात तो अजून म्हणतो. आवाज भरड आहे, पण सूर हलत नाही. नवखा माणूस आला की विचारतो, हे कुठं शिकले? गाव सांगतं, जन्मजात आहे हो. आपल्याकडं एवढ्यावर भागतं. देवानं दिलं म्हटलं की माणसानं काय दिलं नाही ते विचारावं लागत नाही.

पन्नाशी ओलांडल्यावर मला वाचायचा नाद लागला. कुरुंदवाडच्या बाजाराला गेलो की वाचनालयात तासभर बसायचं. असाच एके दिवशी विष्णू दिगंबरांवरचं पुस्तक हातात आलं. बुवांच्या पडवीत ऐकलेलं सगळं त्यात होतं, आणि एक न ऐकलेलंही होतं. शाळेत राहून शिकणाऱ्या त्या उपदेशक पोरांना नऊ वर्षं राहायचा लेखी करार करावा लागे. नऊ वर्षं शाळा त्यांना जेवण, राहणं, शिक्षण देणार, आणि नऊ वर्षं पोरानं शाळा सोडायची नाही.

मी ते पान दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. आठ-दहा वर्षांचं पोर म्हणजे काय सालगडी आहे, कागद करून ठेवायला? शिस्तही कडक होती. मग दुसऱ्यांदा वाचताना बुवांचं वाक्य कानात वाजलं. मी तुमच्याकडून काही लिहून घेतलेलं नाही. तेव्हा कळलं, की तो कागद पोराला बांधायला नव्हता. पोर तसंही पळत नाही. धाकटा कधी पळाला होता? तो कागद घरच्या माणसांसाठी होता. बाप आजारी पडला, पाऊस झाला नाही, बहिणीचं लग्न निघालं, हंगाम आला, की जो कुणी सायकल काढून शाळेच्या दारात येऊन उभा राहतो, त्याच्यासाठी होता. म्हणजे माझ्यासाठी.

कागदानंच सगळं होतं असं नाही. नऊ वर्षांची भाकरी कुणीतरी द्यावी लागते. मी शेतकरी, मला हिशेबाशिवाय सुचत नाही. वाढत्या पोराला दिवसाला सहा भाकरी धरल्या तर नऊ वर्षांत एकोणीस हजार सातशे दहा होतात. एका पोराच्या! अशी कितीतरी पोरं त्या माणसानं डोळ्यानं धड दिसत नसताना पोसली. १९०८ साली मुंबईत शाळा काढली, पुढं कर्ज काढून मोठी इमारत बांधली, आणि शेवटी कर्ज फिटेना म्हणून ती लिलावात गेली. १९३१ साली ते मिरजेतच वारले. आमच्यातला एखादा शेतकरी कर्जानं बुडाला की रान जातं आणि मागं काही उरत नाही. ह्यांची इमारत गेली, पण पोरं उरली. ओंकारनाथ ठाकूर गुजरातेतले, गरिबाघरचे. एका पारशी सद्गृहस्थानं त्यांचा भार उचलून मुंबईच्या शाळेत घातलं. तेच १९१६ साली लाहोरच्या शाळेचे मुख्य झाले. विनायकरावांनी १९३२ साली पुण्यात शाळा काढली. आणि धाकट्यानं ज्या प्रारंभिक-प्रवेशिकेच्या परीक्षा दिल्या, त्या घेणारं मंडळही त्याच शिष्यांनी गुरू गेल्यावर उभं केलेलं.

असं सगळं वाचून मी घरी आलो आणि तरीही धाकट्याला काही सांगितलं नाही. ट्रंक तशीच राहिली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. ज्यांनी २००५ चा बघितला होता त्यांनाही हा अंदाज आला नाही. माणसं आणि जनावरं बाहेर काढताना घर तसंच सोडावं लागलं. पाणी उतरल्यावर परत आलो तर सोप्यात गुडघाभर गाळ. ट्रंक पालथी पडलेली. धाकट्यानं ती उघडली आणि एकेक कागद काढून छपराच्या पत्र्यावर वाळत घालायला लागला. सातबारा, सोसायटीच्या पावत्या, आबांचा फोटो. मी गाळ ओढत होतो. बघतो तर तो पत्र्यापाशी नुसता उभा. हातात कार्ड. शाई पसरली होती, पण बुवांचं अक्षर मोठं आणि ठसठशीत, वाचता येत होतं.

मी फावडं ठेवलं. म्हटलं, "चुकलं माझं."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, तवा दाखवलं असतंस तरी मी गेलो नसतो, आबांना टाकून गेलोच नसतो, असं मी म्हणावं असं तुला वाटत असंल."

मी गप्प.

"मी गेलो असतो," तो म्हणाला. कार्डावर एक दगड ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून, आणि म्हसरांना बघायला निघून गेला.

त्यानंतर आमच्यात अबोला झाला नाही. एकाच घरात राहतो, एकाच ताटलीतली चटणी खातो. पण त्यानं माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण तो तसं कधी बोललेला नाही.

त्याची नात आता अकरा वर्षांची आहे. तिला कान आला आहे. आता विहिरीवर विजेची मोटार आहे, आवाज सरळ येतो, पण पोरगी मिक्सरच्या आवाजातही सूर शोधते. दोन वर्षांपूर्वी तिला जयसिंगपूरच्या एका बाईंच्या वर्गात घालायचं ठरलं. आठवड्यातनं तीन दिवस, एसटीनं. तिच्या बापानं, म्हणजे आमच्या पुतण्यानं विचारलं, "तात्या, हे किती दिवस चालणार? दहावीला बंद करायचं न्हवं?"

मी दुसऱ्या दिवशी शिरोळला जाऊन शंभराचा स्टँप आणला. बाईंना आधी विचारून घेतलं होतं. प्रारंभिक, मग प्रवेशिकेच्या दोन, मध्यमाच्या दोन, विशारदच्या दोन आणि अलंकारच्या दोन. वर्षाला एक धरली तर नऊ होतात. मी माझ्या हातानं लिहिलं. ओढ्याकडच्या माझ्या वीस गुंठ्यांच्या उसाचं बिल नऊ वर्षं मुलीच्या गाण्याच्या शिक्षणाला जाईल. नऊ वर्षं घरातल्या कुणीही तिला तोडणी, लावण, आजारपण, पाहुणे किंवा लग्न अशा कारणानं वर्गातनं काढून आणायचं नाही. खाली माझी सही, पुतण्याची सही, पुतण्याच्या बायकोची सही. तिची सही घेतली नाही. तिला कंटाळा आला तर तिनं सोडावं, तिला मोकळीक आहे. बांधायचं आहे ते आम्हाला. स्टँप देणारा हसत होता. कायद्यात ह्या कागदाला किंमत किती, ते मी कुठल्या वकिलाला विचारलेलं नाही.

कागद धाकट्याला वाचून दाखवला. त्यानं तो हातात घेतला, चष्मा लावून पहिल्यापासनं वाचला. म्हणाला, "आजारपण लिवलंस ते बरं केलंस." मग म्हणाला, "माझीबी सही घे." आणि खाली, समासात, त्यानं सही केली.

पोरगी पहाटे पाचला उठते. ती आत मोबाईलवरच्या तंबोऱ्यावर सा लावते आणि गोठ्यात धार काढता काढता धाकटा ऐकत असतो. तिचा सूर हलला की तो बोलत नाही, नुसता तिथनंच बरोबर सा लावतो. ती थांबते, ऐकते आणि त्याच्यावर येते. मी अंथरुणात पडून ऐकतो.

नऊपैकी दोन वर्षं झाली. सात राहिली आहेत.